कर्ज दोघांचे, हिशेब दोघांचा

१. गिरणगाव

मंडळी, आपल्याकडे असे गाव क्वचितच सापडेल, की जिथले कोणी पोटासाठी मुंबईला गेले नाही. कोकणातली माणसे बोटीने गेली. घाटावरची माणसे आगगाडीने गेली. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. १८५६ साली ती गिरणी सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागात गिरण्यांची रांगच लागली. गिरण्यांच्या भोवती चाळी उठल्या. या साऱ्या भागाला लोक गिरणगाव म्हणू लागले.

गिरणीत दरमहा पगार मिळे. गावच्या मजुरीपेक्षा तो जास्त असे. मग गिरणी कामगार सुखी झाला का? पुष्कळांच्या वाट्याला सुख आले नाही, कर्ज आले.

१९२९ साली सरकारने देशातल्या कामगारांची स्थिती पाहण्यासाठी एक मोठा आयोग नेमला. त्याचा अहवाल १९३१ साली निघाला. आयोगाने लिहिले, की बहुतेक कारखान्यांच्या गावी तीन घरांपैकी निदान दोन घरे कर्जात आहेत. बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे. आणि व्याजाचा दर? रुपयाला महिना एक आणा, हा दर सर्रास चालतो.

एक आणा! ऐकायला किती लहान वाटतो. पण हिशेब करून पाहू. तेव्हा रुपयाचे सोळा आणे असत. रुपयाला महिना एक आणा, म्हणजे शंभर रुपयांना महिन्याला सव्वासहा रुपये. वर्षाला ७५ रुपये. सोळा महिन्यांत शंभर रुपयांचे व्याज शंभर रुपये होते. आणि मुद्दल? ते जागच्या जागी!

सावकार दर शेकडा बोलत नसे. तो रुपयाला आणा म्हणे. लहान आकडा सांगितला, की मोठे ओझे डोळ्यांना दिसत नाही.

२. कर्ज का होई?

"ऋण काढून सण करू नये," असे आपण म्हणतो. "अंथरूण पाहून पाय पसरावेत," असेही म्हणतो. दोन्ही म्हणी खऱ्या आहेत. पण अंथरूणच हातभर असेल, तर माणसाने पाय किती आखडावेत? कर्ज काढणारा प्रत्येक माणूस उधळ्या नसतो. गिरणगावात कर्जाची कारणे अशी होती.

पहिले कारण, पगार उशिरा मिळे. १९३६ साली पगाराचा कायदा झाला. महिना संपल्यावर सात दिवसांत पगार द्यावा, आणि हजार किंवा जास्त कामगार असतील तिथे दहा दिवसांत द्यावा, असे त्यात ठरले. कायदा चांगलाच होता. तरी हिशेब पाहा. मोठ्या गिरणीत माणूस एक तारखेला कामाला लागला, तर त्याच्या हातात पहिला पैसा पडायला चाळीस दिवस लागत. चाळीस दिवस तो खाणार काय? पहिले कर्ज पोटासाठीच होई.

दुसरे कारण, काम रोज मिळेलच असे नसे. नवा माणूस बदली म्हणून राही. रोज गिरणीच्या दारात उभे राहायचे. कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत घरी.

तिसरे कारण, दोन चुली. एक मुंबईत, एक गावात. गावी म्हातारे आईबाप. त्यांना मनिऑर्डर गेलीच पाहिजे.

चौथे कारण, आजारपण, लग्न, मयत. ही सांगून येत नाहीत.

सावकार हे सारे ओळखून होता. पगाराच्या दिवशी तो गिरणीच्या दारातच उभा राही. अशा अडवणुकीला गुन्हा ठरवावे, अशी शिफारस त्या आयोगाला करावी लागली, इतका तो प्रकार वाढला होता.

३. खानावळ चालवणारी बाई

गिरणगावात कितीतरी पुरुष एकटे राहत. बायकामुले गावी. एका खोलीत दहाबारा जण असत. पाळीपाळीने झोपत. त्यांच्या जेवणाची सोय कोण करी? तिथल्याच कामगारांच्या बायका करीत. दहा फुटांच्या खोलीत एक बाई दहा, पंधरा जणांचा स्वयंपाक करी. सकाळच्या पाळीचा डबा भरायचा, म्हणून पहाटे चारला चूल पेटे. रात्रपाळीचा माणूस जेवून गेला, की मग तिची पाठ टेके. ही खानावळ.

जेवणारे पैसे पगार झाल्यावर देत. मग महिनाभर तेल, डाळ, गूळ, मसाला कुठून आणायचा? वाण्याकडून, उधारीवर. म्हणजे नवरा सावकाराच्या वहीत आणि बायको वाण्याच्या वहीत. दोन वह्या, दोन कर्जे. बरेचदा एकाला दुसऱ्याचे कर्ज ठाऊकच नसे. नवऱ्याला वाटे, घरात सांगितले तर कटकट होईल. बायकोला वाटे, यांच्या डोक्याला आधीच काय कमी ताप आहे?

इथेच खरी मेख आहे. लपलेले कर्ज फिटत नाही. ते वाढते.

४. एका घराची गोष्ट

आता एक गोष्ट सांगतो. गोष्ट मानलेली आहे. आकडेही हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत. पण असे घर लालबागच्या चाळीचाळीत होते. साल १९६५ च्या आसपासचे धरा.

नवरा गिरणीत साच्यावर काम करी. पगार १३० रुपये. बायको सहा जणांची खानावळ चालवी. खर्च जाऊन तिला महिना ३० रुपये सुटत. दोघांची मिळून कमाई १६० रुपये. दोन मुले. सासूबाई साताऱ्याकडे गावी.

बाई दुपारी चाळीतल्या साक्षरतेच्या वर्गाला जाऊ लागली होती. अक्षरे जुळवून वाचता येऊ लागले होते. बेरीज-वजाबाकी येऊ लागली होती. एका रविवारी तिने मुलाच्या वहीचा एक कागद मागितला आणि नवऱ्यासमोर बसली.

"अहो, आपलं देणं किती आहे?"

"असेल थोडंफार. तुला कशाला पाहिजे?"

"थोडंफार म्हणजे किती? आकडा सांगा. मी लिहिते."

नवरा गप्प बसला. मग ती म्हणाली, "बरं, आधी माझं लिहिते. वाण्याचे १२० रुपये द्यायचे आहेत. तुम्हाला बोलले नव्हते."

नवऱ्याने चमकून पाहिले. "एकशेवीस? कधी झाले एवढे?"

"दोघा जेवणाऱ्यांची नोकरी सुटली. ते पैसे न देताच गावी गेले. त्यांचं खाल्लेलं माझ्या नावावर राहिलं."

नवरा थोडा वेळ जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लिही. सावकाराचे २४०."

"दोनशे चाळीस! तुम्ही तर शंभर म्हणाला होता."

"शंभरच होते. धाकट्याच्या आजारपणात वाढवले. पुढं व्याज थकलं, तेही मुद्दलात धरलं त्यानं."

"आणि माझ्या पाटल्या?"

"गहाण आहेत. १५० रुपये. आणि गावाकडे दादाचे ९० रुपये आहेत. तो मागत नाही, पण द्यायचे आहेत."

बाईने एकाखाली एक आकडे मांडले. बेरीज केली. ६०० रुपये झाले. जवळजवळ पावणेचार महिन्यांची कमाई. दोघेही त्या आकड्याकडे बघत राहिले. भांडण होण्याची वेळ होती. पण भांडून आकडा एका पैशाने कमी होणार नव्हता. हे दोघांनाही कळत होते.

५. कागदावर काय दिसले?

बाईने प्रत्येक कर्जापुढे दरमहा किती जाते ते लिहिले.

सावकार : मुद्दल २४० रुपये. रुपयाला आणा. महिना १५ रुपये.

वाणी : बाकी १२० रुपये. वाणी व्याज घेत नव्हता. पण बाकी असेतो दुसऱ्या दुकानात जाता येत नव्हते. तो लावील तो भाव. रोखीने ६० रुपयांना पडणारा माल तिला ६६ रुपयांना पडे. म्हणजे महिना ६ रुपये. हे लपलेले व्याजच!

पाटल्या : १५० रुपये. शेकडा दोन रुपये. महिना ३ रुपये.

दादा : ९० रुपये. व्याज नाही.

एकूण दरमहा २४ रुपये नुसते व्याजात जात होते. वर्षाचे २८८ रुपये. आणि ६०० रुपये मुद्दल होते तिथेच उभे!

मग तिने बाकीचा खर्च मांडला. घरखर्च १०० रुपये. गावची मनिऑर्डर २० रुपये. नवऱ्याचा चहा, पान, विडी १२ रुपये. व्याज २४ रुपये. बेरीज १५६. कमाई १६०. उरले ४ रुपये. तेही कोणी पाहुणा आला की संपत.

नवरा म्हणाला, "दोनतीन महिने गावचे पैसे बंद करू."

बाई म्हणाली, "ते नको. सासूबाईंनी मागितलं नाही म्हणून त्यांचं पोट भरलेलं आहे असं थोडंच आहे? त्यांचं तोडायचं आणि पान-विडी चालू ठेवायची, हे बरं दिसतं का?"

नवरा हसला. "म्हणजे मूळ रोख विडीवरच आहे तर!"

"सगळी सोडा असं मी म्हणत नाही. बारा आहेत, सहावर आणा. मी दोन जेवणारे वाढवते. दहा रुपये जास्त सुटतील. पण एक सांगते. दोन माणसं वाढली तर पाणी आणि दळण माझ्या एकटीच्या जिवावर होणार नाही. पहाटे नळावर तुम्ही जायचं. दळण तुम्ही आणायचं."

"चाळीतले लोक हसतील."

"सावकार दारात उभा राहतो तेव्हा कोणी रडायला येतं का?"

नवऱ्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहाटे तो हंडा घेऊन नळावर उभा राहिला.

आता शिल्लक किती झाली? आधीचे ४, विडी-चहातले ६, खानावळीचे १०. दरमहा २० रुपये.

६. महाग कर्ज आधी

२० रुपये हातात आले. ते कोणाला द्यावेत? दादाला दिले तर मन हलके होईल. वाण्याला दिले तर तोंड वर करून दुकानात जाता येईल. पण कागद काय सांगत होता? जिथे व्याज सर्वांत जास्त, ते कर्ज आधी. म्हणजे सावकार.

पण दरमहा २० रुपयांनी सावकाराचे २४० कधी फिटणार? इथे नवऱ्याला पतपेढी आठवली. कामगारांची सहकारी पतपेढी होती आणि तो तिचा सभासदही होता. कर्ज मागायला मात्र तो कधी गेला नव्हता. अर्ज लिहावा लागतो, दोन जामीन लागतात, म्हणून तो बिचकत असे. सावकार काही विचारत नाही, लगेच देतो. म्हणून तर माणूस त्याच्याकडे जातो! पण ज्या दारात शिरायला सोपे, त्यातून निघायला अवघड.

दोघांनी मिळून अर्ज लिहिला. खात्यातल्या दोघा सोबत्यांनी जामीनकी दिली. पतपेढीने २४० रुपये दिले. व्याज शेकडा वर्षाला १२ रुपये, म्हणजे महिन्याला एक रुपया. तेही राहिलेल्या मुद्दलावर. दरमहा २० रुपये मुद्दल पगारातून कापायचे, असे ठरले.

त्याच दिवशी दोघे मिळून सावकाराकडे गेले. पैसे दिले. सावकार म्हणाला, "कागद नंतर देतो." बाई म्हणाली, "कागद मिळेतो आम्ही इथंच बसतो." कागद मिळाला. तो तिने वाचला आणि मगच फाडला.

आता फरक पाहा. सावकाराला वर्षाचे व्याज १८० रुपये गेले असते, आणि मुद्दल तसेच राहिले असते. पतपेढीत साऱ्या वर्षाचे व्याज १५ रुपये ६० पैसे झाले, आणि मुद्दलही फिटले. सावकाराचे एका महिन्याचे व्याज आणि पतपेढीचे वर्षाचे व्याज जवळजवळ सारखे!

७. सतरा महिने

सावकाराचे १५ रुपये वाचले. शिल्लक २० होतीच. दरमहा ३५ रुपये झाले. त्यातून पतपेढीचा हप्ता आणि व्याज जाई. वाण्याला दरमहा १२ रुपये ठरवून दिले. दिलेला प्रत्येक पैसा बाई कागदावर लिही, आणि वाण्याच्या वहीतही आपल्यासमोर लिहून घेई.

सातव्या महिन्यात थोरल्या मुलाला ताप आला. डॉक्टर आणि औषध यांना २० रुपये गेले. पूर्वीसारखी वेळ असती, तर नवरा सावकाराकडे गेला असता. या वेळी बाई वाण्याकडे गेली. "या महिन्याचे बारा देता येत नाहीत. पुढच्या महिन्यापासून परत सुरू," असे सांगून आली. वाण्याने ऐकले. का ऐकले? सहा महिने पैसे बरोबर वेळेवर आले होते म्हणून. तोंड चुकवणाऱ्याला मुदत मिळत नाही. आधी जाऊन सांगणाऱ्याला बहुधा मिळते.

अकराव्या महिन्यात वाण्याची बाकी संपली. आता ती रोखीने, भाव पाहून माल घेऊ लागली. दरमहा ६ रुपये वाचू लागले. बाराव्या महिन्यात पतपेढीचे कर्ज संपले. पंधराव्या महिन्यात पाटल्या सुटून आल्या. आणि सतराव्या महिन्यात दादाचे ९० रुपये गावी गेले.

त्या दिवशी हिशेबाच्या कागदावर शिल्लक होती १ रुपया ४० पैसे. पण देणे होते शून्य. नवरा म्हणाला, "आता परत गावी जाताना वर मान करून जाईन." बाई म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून ४४ रुपये सुटतील. त्यातले निम्मे पोस्टात टाकायचे. परत ताप आला तर औषध आपल्याच पैशाचं पाहिजे."

या सतरा महिन्यांत त्यांचा पगार वाढला नाही. लॉटरी लागली नाही. मग बदलले काय? दोघांना एकमेकांचे कर्ज कळले. दोघांनी एकच हिशेब ठेवला. आणि कामही दोघांनी वाटून घेतले. बायकोने जास्त राबायचे आणि नवऱ्याने नुसते सांगायचे, अशा घरात कर्ज फिटले तरी बाई मात्र झिजते.

८. दोघे पुरत नाहीत तेव्हा

काही संकटे दोघांच्या ताकदीबाहेरची असतात. तेव्हा काय करावे? मुंबईतल्याच दोन खऱ्या हकिगती पाहू.

पहिली गिरगावातली. १५ मार्च १९५९ रोजी तिथल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल नव्हते. छगनलाल करमशी पारेख नावाच्या समाजसेवकाकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटे झाली. पुढे उसने घेतलेले पैसे त्यांनी फेडले. देणगी घ्यायची नाही, हिशेब चोख ठेवायचा, असा त्यांनी नियम केला. हाच पुढे लिज्जत पापडाचा मोठा उद्योग झाला. हजारो बायकांना त्याने घरबसल्या काम दिले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ते ८० रुपयेसुद्धा कर्जच होते. पण ते उडदाच्या पिठाला लागले, आणि पापडाचे पैसे घेऊन परत आले. जे कर्ज काम देते आणि आपले व्याज आपण कमावते, ते कर्ज वेगळे. जे खाऊन संपते आणि मागे व्याज ठेवते, ते वेगळे.

दुसरी हकिगत खानावळ चालवणाऱ्या बायकांची. १९७३-७४ साली गिरणी कामगारांचा ४२ दिवसांचा संप झाला. कामगारांना पगार नव्हता. तरी या बायकांनी त्यांना उधारीवर जेवू घातले. त्यापायी कित्येकींचे दागिने आणि भांडी गहाण पडली. प्रेमा पुरव या कार्यकर्तीने हे पाहिले. १९७५ साली तिच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. सुरुवातीला १४ बायका होत्या. १९६९ साली सरकारने १४ मोठ्या बँका आपल्या ताब्यात घेतल्या होत्या. गरिबांना कमी व्याजाने कर्ज द्यायची योजनाही १९७२ साली निघाली होती. पण खानावळवाल्या बाईला बँकेत कोण ओळखणार? तारण कुठले? म्हणून बायकांनी गट केला. एकीसाठी दुसरी जामीन राहिली. बँकेने कर्ज दिले. वाण्याचा आणि सावकाराचा फास सैल झाला.

एकट्या बाईचा शब्द बँकेने ऐकला नसता. चौदा जणींचा ऐकला.

मात्र सारेच गोड झाले असे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो दीड वर्षाच्या वर चालला. पुढे एकेक करून गिरण्या बंद पडत गेल्या. जेवणारे गेले, तशा खानावळीही रिकाम्या झाल्या. कित्येक कुटुंबे गावी परतली. कित्येक घरांत बायकांनी धुणीभांडी करून, डबे देऊन, भाजी विकून संसार तगवला. आज गिरण्यांच्या जागी उंच इमारती आहेत. हिशेब चोख ठेवणाऱ्या घरालाही काम गेल्याचा फटका बसतोच. पण ज्या घरात आधीच कर्ज नव्हते आणि नवराबायको एका विचाराचे होते, त्या घराला उभे राहायला निदान जमीन होती.

९. आज आपण काय करावे?

आणा गेला. पण त्याचे भाऊबंद गेले नाहीत. आज कोणी "महिना पाच टक्के" म्हणतो, कोणी "दहा टक्के" म्हणतो. लहान आकडा ऐकून भुलू नका. त्याला बाराने गुणा. पाच टक्क्यांचे वर्षाला साठ होतात. दहाचे एकशेवीस!

महाराष्ट्रात सावकारीचा नवा कायदा २०१४ साली झाला. परवाना असल्याशिवाय कोणालाही सावकारी करता येत नाही. त्या साली शासनाने व्याजाचे दरही ठरवून दिले. शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के. इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८ टक्के. त्यापुढे मागणारा सावकार कायदा मोडतो. तालुक्याच्या गावी सहकारी संस्थांचे सहायक निबंधक असतात. तिथे तक्रार देता येते.

आणि हे पाच नियम घरात लिहून ठेवा.

एक : नवराबायकोने एकमेकांपासून कर्ज लपवू नये.
दोन : कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नये.
तीन : पैसे दिले की पावती घ्यावी.
चार : सर्वांत जास्त व्याजाचे कर्ज आधी फेडावे.
पाच : स्वस्त कर्ज काढून महाग कर्ज फेडल्यावर पुन्हा महाग कर्जाच्या दारात जाऊ नये.

पाचवा नियम सर्वांत अवघड. पुष्कळ घरे इथेच फसतात. सावकार फिटला, म्हणून लग्नात हात सैल सोडतात. मग पतपेढी आणि सावकार, दोघांचेही देणे मानेवर बसते.

शब्दांचे अर्थ

मुद्दल : उसनी घेतलेली मूळ रक्कम.
तारण : कर्जासाठी ठेवलेली वस्तू.
जामीन : दुसऱ्याच्या कर्जाची हमी घेणारा.
पतपेढी : सभासदांच्या पैशातून सभासदांना कर्ज देणारी संस्था.
बदली : कायम नसलेला, दुसऱ्याच्या जागी काम करणारा कामगार.

प्रश्न

१. रुपयाला महिना एक आणा, म्हणजे शंभर रुपयांना वर्षाला किती व्याज झाले?
२. वाणी व्याज घेत नव्हता. तरी त्याचे कर्ज महाग का पडत होते?
३. सातव्या महिन्यात वाण्याने मुदत का दिली?
४. पापडाच्या ८० रुपयांचे कर्ज आणि सावकाराचे २४० रुपयांचे कर्ज यांत फरक कोणता?
५. गावची मनिऑर्डर बंद करू नये, असे बाई का म्हणाली? तुम्हाला काय वाटते?

करून पाहा

एक कागद घ्या. त्यावर चार रकाने आखा. पहिल्यात लिहा, कोणाचे देणे. दुसऱ्यात, मुद्दल किती. तिसऱ्यात, दरमहा व्याज किती. चौथ्यात, कधी फेडणार. हा कागद एकट्याने भरू नका. घरच्या माणसाला शेजारी बसवा. एकाने सांगावे, एकाने लिहावे.